पाळी चुकायच्या आधीची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात लग्नाची मुलगी असेल, नवी सून आली असेल, तर शेवटपर्यंत वाचा. निवडणूक, रस्ते, पाणीपट्टी हे विषय आहेतच, ते कुठं पळून जात नाहीत.

झालं असं की आमच्या गल्लीतल्या एका घरातली सून, वय २२, पहिलटकरीण. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा घरात पेढे वाटले. आशाताईंनी नाव नोंदवलं, कार्ड झालं, गोळ्या मिळाल्या. पोरगी शिस्तीची. रोज रात्री जेवणानंतर गोळी, एक दिवस चुकवली नाही. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी सांगितलं की बाळाच्या डोक्याची कवटी बनलेलीच नाही. जन्मलं तरी जगणार नाही. पुढं जे करावं लागतं ते झालं.

पंधरा-वीस दिवसांनी मी आणि घरची मंडळी भेटायला गेलो. बायका आत बसल्या होत्या. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मलाच विचारलं, "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना. मला एक सांगा, गोळी तर मी रोज खाल्ली. मग असं का झालं?"

सासू म्हणाली, "ग्रहणात बाहेर पडली असेल." मी काहीच बोललो नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं.

नंतर डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली, जुने संदर्भ शोधले. उत्तर मिळालं. ते एका ओळीत सांगता येतं. गोळी बरोबर होती, ती वेळेवर खाल्लीही होती, पण आपण तिला जी वेळ सांगितली तीच उशिराची होती.

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत मिटते. वरच्या बाजूला मिटली नाही तर कवटी बनत नाही. खाली मिटली नाही तर पाठीचा मणका उघडा राहतो. आता हिशोब करा. पाळी चुकते तेव्हा या २८ पैकी १४ दिवस संपलेले असतात. मग बाई आठवडाभर वाट बघते, मग नवऱ्याला सांगते, मग सासूला, मग तपासणीची पट्टी येते, मग उपकेंद्रात नोंद. तोवर दोन महिने झालेले असतात. फोलिक ॲसिडची पहिली गोळी तोंडात जाते तेव्हा ती नळी केव्हाच मिटलेली असते, नाहीतर उघडी राहिलेली असते.

म्हणजे ही गोळी गर्भ राहायच्या आधीपासून सुरू करायची असते. निदान एक महिना आधी, आणि तीन महिने आधी सुरू केली तर उत्तमच.

हे वाचून तुम्ही म्हणाल, कुठल्या तरी परदेशातलं नवीन फॅड असेल. तिथंच खरी गंमत आहे. गंमत कसली, खंतच म्हणायची. कारण ही गोष्ट सुरू झाली आपल्या मुंबईत, परळला, गिरणी कामगार बायकांमध्ये. पण त्याच्याही थोडं मागं जाऊ.

*

बाई आई व्हायच्या आधी तिच्या शरीराची तयारी झालीय का, हा प्रश्न आपल्याकडं पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला तो लग्नाच्या वयावरून.

कल्याणची यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई. जन्म १८६५. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. मुलगा दहा दिवस जगला. पुढं १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयच होता हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, क्षयानं पुण्यात त्या वारल्या. पहिली महिला डॉक्टर म्हणून आपण त्यांचा फोटो लावतो. पण त्या डॉक्टर का झाल्या, त्याच्या मुळाशी ते दहा दिवसांचं बाळ होतं, हे आपण फारसं बोलत नाही.

त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी नांदायला जायला ठाम नकार. नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढं त्या लंडनच्या महिला वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. या लंडनच्या शाळेचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी दासी नावाची साधारण अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळं मेली. देशभर खळबळ उडाली. महिला डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडं अर्ज करून, आपल्याकडं कोवळ्या मुली कशा अवस्थेत येतात ते मांडलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. संमतीचं वय १० वरून १२ झालं. बारा! तेवढ्यावरही केवढा गदारोळ. आपल्या महाराष्ट्रातच दोन तट पडले. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, म्हणून टिळकांनी विरोध केला. आगरकर, रानडे दुसऱ्या बाजूला. मोठ्या माणसांच्या त्या वादात एक साधा प्रश्न मागं पडला, तो म्हणजे बारा वर्षांच्या मुलीचं शरीर बाळंतपण झेलू शकतं का?

मग १९२९ चा शारदा कायदा, मुलीचं लग्नाचं वय १४. १९४९ मध्ये १५. आणि १९७८ मध्ये १८. म्हणजे १२ वरून १८ वर यायला आपल्याला ८७ वर्षं लागली. आणि अजूनही कागदावरच म्हणायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. दर पाचात एक. तुमच्या-माझ्या तालुक्यात ऊसतोडीला जायच्या आधी उरकलेली लग्नं आठवा, म्हणजे आकडा खोटा वाटणार नाही.

*

आता मुंबई, साल १९२८. त्या वर्षी गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात, कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी सुटी मिळावी या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीला एक इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत उतरली. लुसी विल्स. जन्म १८८८, शिक्षण लंडनच्या त्याच महिला वैद्यकीय शाळेत, जिथं आधी आपल्या रखमाबाई शिकल्या होत्या. मुंबईत तेव्हा डॉ. मार्गारेट बाल्फोर या बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करत होत्या. बाल्फोर आणि डॉ. शकुंतला तळपदे यांनी गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीवर १९३० मध्ये लेखही लिहिला. गरोदर बायकांचं रक्त भयंकर कमी होत होतं आणि त्यात बायका मरत होत्या. हे दुखणं नेमकं काय आहे ते शोधायला विल्स आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं? बायका राहतात कशा, खातात काय, ते पाहिलं. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध जवळपास नाहीच, त्यांच्यात हे दुखणं जास्त. मग तसाच आहार उंदरांना आणि नंतर माकडांना देऊन पाहिला. त्यांनाही रक्तक्षय झाला. एकेक औषध देऊन पाहिलं. काम केलं कशानं? मार्माइटनं. मार्माइट म्हणजे बिअर तयार करताना उरलेलं यीस्ट आटवून केलेला काळा, खारट लेपासारखा पदार्थ. इंग्रज लोक पावाला लावून खातात. गरिबाला परवडणारी वस्तू. ती मुंबईच्या बायकांना दिली आणि उठून बसायची ताकद नसलेल्या बायका काही दिवसांत सुधारायला लागल्या.

१९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. यीस्टमध्ये काहीतरी आहे, पण ते नेमकं काय ते माहीत नव्हतं. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत टनावारी पालकातून तसाच पदार्थ वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव फोलिक ॲसिड.

म्हणजे आज जगभरातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जी गोळी असते, तिचं मूळ परळमध्ये आहे. गिरणगावातल्या उपाशी गरोदर बायकांच्या रक्तात आहे. त्या बायकांची नावं कुठं नोंदलेली दिसत नाहीत. विल्सबाईंचं निदान गुगलनं २०१९ मध्ये डूडल केलं.

*

त्याच मुंबईत आणखी एक माणूस 'आधीचं' बोलत होता आणि शिव्या खात होता. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल कधी हवं आणि हवं की नको, हे बाईनं ठरवायला पाहिजे. एकामागून एक बाळंतपणं म्हणजे तिच्या शरीराची राखरांगोळी. या कामापायी त्यांची नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले.

१९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाजूनं ११ मतं, विरोधात ५२. ठराव पडला.

कर्वे आणि विल्स कधी भेटले की नाही, त्याच्याशी आपल्याला घेणं नाही. पण दोघांचं काम शेजारी ठेवून बघा. एक म्हणतो, दोन बाळंतपणांत अंतर ठेवा, शरीराला भरून यायला वेळ द्या. दुसरी दाखवते की त्या शरीरात भरायचं काय. दोन्ही गोष्टी पोटात बाळ यायच्या आधीच्या. आपण काय केलं? कर्व्यांचं म्हणणं स्वातंत्र्यानंतर उचललं, पण 'लोकसंख्या रोखा' म्हणून. बाईची तब्येत बाजूला राहिली. विल्सबाईंची गोळी उचलली, पण 'दिवस राहिल्यावर द्या' म्हणून. १९७० मध्ये देशात लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुख्य नजर गरोदर बायका आणि लहान मुलांवर. तोवर ठीक होतं, कारण गोळी रक्तासाठी आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

*

पण तिकडं इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात लिव्हरपूलच्या डॉक्टरांना शंका आली होती. हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये लिहिलं, की ज्या बायकांची बाळं मणका उघडा घेऊन जन्मतात, त्यांच्या शरीरात या फोलेटचीच गडबड दिसते. पुढची पंचवीस वर्षं वाद चालला. अखेर एक मोठी चाचणी झाली. ७ देश, ३३ केंद्रं, आधी असं बाळ झालेल्या १,८१७ बायका. काही जणींना गर्भ राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिड, काहींना नाही. निकाल १९९१ मध्ये आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. माहीत असताना उरलेल्या बायकांना गोळी न देणं पाप ठरलं असतं.

१९९२ मध्ये अमेरिकेनं सांगितलं, मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड मिळालं पाहिजे, गर्भ राहायची वाट बघू नका. १९९८ पासून तिथं पिठातच ते मिसळणं सक्तीचं झालं.

म्हणजे मुंबईतून निघालेली गोष्ट साठ वर्षांनी पूर्ण झाली. फक्त ती आपल्या घरी परत आली नाही. आमच्या गल्लीपर्यंत तर नाहीच नाही.

*

आपल्याकडं कुणी काम केलं नाही असं मात्र नाही. उलट मोठं काम झालं, तेही खेड्यात.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं पुण्याजवळच्या ६ गावांत अभ्यास सुरू केला. वेगळेपण काय? त्यांनी गरोदर बायका शोधल्या नाहीत. आधीच लग्न झालेल्या बायकांची नोंद केली, उंची-वजन घेतलं, दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारली. म्हणजे गर्भ राहिला की लगेच कळावा. त्यांना काय दिसलं? बाई सरासरी २१ वर्षांची, वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोच्या आतबाहेर. ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं जरा दणकट. आणि जवळपास दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी. ४२ किलोची बाई दिवस राहिल्यावर नऊ महिन्यांत कितीशी भरणार? शेताची मशागत पेरणीच्या आधी करतात, उगवल्यावर नांगर घालत नाहीत. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण सुनेच्या बाबतीत तोच शेतकरी विसरतो.

दुसरा अभ्यास मुंबईचा. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये ६,५१३ बायकांना गर्भ राहायच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. अर्ध्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळ, दूध. बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या साध्या वस्तू. निकाल सरळसोट नव्हता, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड होती. गरोदरपणातली साखर पालेभाजीवाल्यांमध्ये ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. आणि एक कडू गोष्ट म्हणजे, ज्या बायका मुळातच फार हाडकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांना वजनाचा फायदा झालाच नाही. म्हणजे काही महिन्यांच्या खाऊनं आयुष्यभराची उपासमार भरून येत नाही. सुरुवात शाळेतल्या मुलीपासूनच करावी लागते.

*

आता सरकारी बाजू. टीका करायची म्हणून करत नाही.

शाळेतल्या मुलामुलींना आठवड्याला एक लोह-फोलिकची गोळी, ही योजना आहे. २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात २० ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांनाही आठवड्याला एक लाल गोळी, असं कागदावर आहे. कागद चांगला आहे. पण तुमच्या घरातल्या, गरोदर नसलेल्या किती बायकांना गेल्या वर्षात ती लाल गोळी मिळाली? विचारून बघा. मी माझ्या ओळखीतल्या चौदा घरांत विचारलं. "ती तर गरोदर बाईची गोळी ना?" हे उत्तर सगळीकडं आलं.

दुसरं असं, की या आठवड्याच्या गोळीत फोलिक ॲसिड असतं ५०० मायक्रोग्रॅम. मूल होण्याच्या वयातल्या बायकांच्या आठवड्याच्या गोळीत २,८०० मायक्रोग्रॅम असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. का? रोजचे ४०० गुणिले सात, करा हिशोब. आपली आठवड्याची गोळी रक्तासाठी बनवलेली आहे. बाळाच्या कण्यासाठी ती पुरेशी नाही. त्यासाठी रोजचीच गोळी हवी.

आणि रक्ताचं तरी काय झालं? २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. विल्सबाई येऊन गेल्याला नव्वद वर्षं झाल्यावरचा हा आकडा आहे.

खरी फट कुठं आहे, ते सांगतो. मुलगी शाळेत असते तोवर ती एका यादीत असते. दिवस राहिले की दुसऱ्या यादीत जाते. मधली जी वर्षं आहेत, शाळा सुटल्यापासून लग्न आणि लग्नापासून पहिले दिवस राहीपर्यंत, तेव्हा तिच्या तब्येतीची विचारपूस कुणीच करत नाही. आणि यादी नाही असंही नाही! प्रत्येक उपकेंद्रात 'पात्र जोडप्यां'ची नोंदवही असते. गावात कोणाचं लग्न झालं, सून कुठून आली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ती वही कशासाठी वापरतात? मुलं किती, साधन कोणतं, ऑपरेशन झालं का, यासाठी. तुझं वजन किती, रक्त किती, साखर तपासली का, पुढच्या सहा महिन्यांत मूल हवंय का, हवं असेल तर ही गोळी आजपासून घे, हे प्रश्न विचारायला त्याच वहीत एक रकाना वाढवायचाय फक्त. आशाताई त्या घरी जातातच. गोळी गोदामात आहेच. आणि गोळी महागही नाही, मेडिकलमध्ये महिन्याची गोळी चार-सहा चहांच्या पैशात येते.

*

ज्यांच्या घरात हा विषय आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून घेतलेलं थोडक्यात लिहितो. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मूल हवं असं ठरलं की आधी तीन महिने डॉक्टरांकडं जा, दोघंही. रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करा, ते गर्भ राहिल्यावर पहिले तीन महिने चालू ठेवा. रक्त, साखर, थायरॉइड, रक्तदाब तपासा. विदर्भ, नंदुरबार, पालघर अशा भागांत सिकलसेलची तपासणी दोघांचीही करा. शाकाहारी असाल तर बी-१२ विचारा. फिट्स, साखर, रक्तदाब यांची औषधं चालू असतील तर मनानं बंद करू नका, पण मूल हवंय हे डॉक्टरांना आधीच सांगा, काही औषधं बदलावी लागतात. पालेभाजी फार वेळ शिजवू नका. मिश्री आणि तंबाखू सोडा. आणि नवरोबा, तुम्हीपण. सुनेची मिश्री सोडवायची आणि आपण गायछाप मळत बसायचं, असं चालणार नाही.

हे सगळं करूनही कधी कधी वाईट घडतं. सगळं गोळीनं टळत नाही. त्यामुळं कुणाच्या घरी असं झालं, तर त्या पोरीला दोष देऊ नका. ग्रहणाला तर नकोच नको.

*

मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. तिला बाहेर बोलावलं, सासूलाही बसवलं आणि हा २८ दिवसांचा हिशोब बोटांवर मोजून सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला कळायच्या आधीच झालं होतं ते."

म्हटलं, "होय पोरी. तुझी काही चूक नाही."

सासूनं पदरानं डोळे पुसले. ग्रहणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक गोष्ट मलाही तेव्हाच कळली. एकदा असं बाळ झालेल्या बाईला पुढच्या वेळी साधी ४०० ची गोळी पुरत नाही, त्याच्या दहापट डोस लागतो आणि तो गर्भ राहायच्या आधीपासून लागतो. १९९१ ची चाचणी नेमकी अशाच बायकांवर झाली होती. तिला हे दवाखान्यातून घरी पाठवताना कुणी सांगितलं नव्हतं. आता ती डॉक्टरांकडं जाऊन आली आहे. गोळी सुरू आहे. रात्री जेवणानंतर, शिस्तीत.

येत्या ग्रामसभेत आणि पंचायत समितीच्या बैठकीत मी एकच मागणी लेखी देणार आहे. पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत 'मूल हवंय का, तयारी झाली का' असा रकाना, आणि नव्या सुनेला पहिल्याच भेटीत फोलिक ॲसिडची गोळी. तुमच्या गावात कोण देईल? नाव कळवा, अर्जाचा मसुदा पाठवतो.

आणि ज्यांच्या घरी येत्या सीझनला लग्न आहे त्यांनी आहेराच्या यादीत मिक्सरच्या खाली एक ओळ वाढवा.